ऐकलेले रहस्य आणि पाहिलेले रहस्य : ‘पाठलाग’पासून ‘मेरा साया’पर्यंत

भारतीय भाषांतील समीक्षेने रहस्यप्रधान कलाकृतींना आजवर ओसरीवरच बसविले आहे. माजघरात त्यांना क्वचितच प्रवेश मिळाला. लखनौचे एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ‘उमराव जान अदा’ (१८९९) या कादंबरीला उर्दू गद्याच्या इतिहासात मानाचे पान आहे. परंतु तिच्याच लेखकाने, मिर्झा हादी रुसवा यांनी, ज्यांच्या नावातच ‘खूनी’ हा शब्द मिरवतो अशा रोमांचक कादंबऱ्यांची रूपांतरेही केली होती, हे वाङ्मयेतिहास बहुधा तळटिपेत उरकून टाकतात. तीच दौत, तीच लेखणी, आणि तरीही एका ग्रंथाला सिंहासन व दुसऱ्याला दाराबाहेरची जागा! हिंदीत गोपालराम गहमरी यांचे १९०० मध्ये निघालेले ‘जासूस’ हे मासिक, अलाहाबादेहून १९५२ मध्ये सुरू झालेली इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’, मराठीत गो. ना. दातार यांनी केलेली रेनॉल्ड्सची रूपांतरे आणि पुढे एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेलेले बाबुराव अर्णाळकर, या सर्वांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हीच वागणूक आली. झुंजार आणि काळापहाड यांचे वाचक लाखांनी होते. त्यांच्या वाचनाचा विचार करणारे समीक्षक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

या उपेक्षेमागील आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. रहस्यकथेचा सारा जीव तिच्या उत्तरात असतो. उत्तर कळले की कथा संपली. सबब ती एकदा वाचून टाकून द्यावयाची वस्तू होय. श्रेष्ठ कलाकृती पुनःपुन्हा आस्वादिली जाते, रहस्यकथा तशी आस्वादिली जात नाही, म्हणून ती श्रेष्ठ नव्हे, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील मधले विधानच तपासून पाहण्याजोगे आहे. खुनी कोण हे ठाऊक असूनही लोक तोच चित्रपट पुन्हा पाहतात आणि शेवट तोंडपाठ असूनही तेच नभोनाट्य पुन्हा लावून बसतात. मग ते नेमके कशाचा आस्वाद घेतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मराठीत निर्माण झालेले, तेथून तमिळमध्ये व हिंदीत गेलेले आणि ज्याच्या हिंदी अवताराला लखनौच्या आकाशवाणीचा कान लाभला असे एक कथानक फार उपयोगी पडते. ते म्हणजे ‘पाठलाग’ (१९६४) व ‘मेरा साया’ (१९६६) या चित्रपटांचे. परंतु तत्पूर्वी रहस्याच्या आस्वादाची थोडी फोड करणे आवश्यक आहे.

मराठीत ‘रहस्य’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अनुभवांसाठी सर्रास वापरला जातो. काय घडले हे ठाऊक नसल्यामुळे वाटते ते कुतूहल. काय घडणार आहे याची कुणकुण असल्यामुळे वाटते ती उत्कंठा. आणि काही अनपेक्षित घडल्यामुळे बसतो तो निव्वळ दचका. आल्फ्रेड हिचकॉक या चित्रपटदिग्दर्शकाने फ्रान्स्वा त्रूफो यांच्याशी झालेल्या आणि १९६६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संवादात हा भेद टेबलाखालच्या बाँबच्या दृष्टांताने सांगितला आहे. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर हादरतो. पण बाँब ठेवलेला प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल आणि टेबलाभोवतीची माणसे त्या बाबतीत अनभिज्ञ राहून गप्पा मारीत असतील, तर तोच प्रेक्षक कितीतरी मिनिटे जीव मुठीत धरून बसतो. म्हणजे उत्कंठा अज्ञानातून जन्मत नाही. बऱ्याचदा ती ज्ञानातूनच जन्मते.

भारतीय नाट्यपरंपरेला ही गोष्ट नवी नाही. ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो, न्यायाधिकरणात अभियोग चालतो, अलंकारांचा पुरावा त्याच्यावर उलटतो आणि त्याला वधस्तंभाकडे नेले जाते. वसंतसेना जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, चारुदत्ताला नसते. सारी घालमेल त्या तफावतीत आहे. शूद्रकाने खून खरोखरच झाला की नाही हे प्रेक्षकांपासून लपविले असते तर कुतूहल वाढले असते, पण शेवटच्या अंकातील ती जीवघेणी मिरवणूक निम्म्याने फिकी पडली असती. देवलांच्या मराठी अवतारातही प्रेक्षक याच मिरवणुकीला श्वास रोखून बसत आले.

भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांची यादी या दृष्टीने पुन्हा वाचावी. शंका, त्रास, औत्सुक्य, वितर्क ही नावे तर सहज ध्यानात येतात. परंतु त्यांत ‘अवहित्थ’ नावाचाही एक भाव आहे. अवहित्थ म्हणजे मनातील विकार चेहऱ्यावर उमटू न देणे, आकार झाकणे. रहस्यपटातील प्रत्येक संशयित पात्राचा हा स्थायी उद्योग असतो आणि अभिनेत्याची कसोटीही तेथेच लागते : त्याने लपवायचे आहे, आणि काहीतरी लपविले जात आहे एवढे मात्र प्रेक्षकाला दिसू द्यायचे आहे. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण या पाच संधींपैकी गर्भ आणि विमर्श या दोन संधींतच रहस्यपट आपला मुक्काम ठोकतो. बीज गवसते, हरवते, पुन्हा शोधले जाते. निर्वहणात अद्भुत रसाची योजना करावी असे नाट्यशास्त्र सांगते. रहस्याचा उलगडा होताना प्रेक्षक ज्या स्थितीत असतो तिचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. भयानकाकडून अद्भुताकडे नेणारी ही वाट आहे, आणि ज्या रहस्यपटांत शेवटी अद्भुताऐवजी केवळ स्पष्टीकरण उरते ते पुन्हा पाहवत नाहीत.

आता श्राव्य माध्यमाकडे वळू. रेडिओ आणि रहस्य यांचे नाते अगदी प्रारंभापासूनचे आहे. खास नभोवाणीसाठी लिहिलेले आद्य नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते रिचर्ड ह्यूझ यांचे ‘ए कॉमेडी ऑफ डेंजर’ (बी. बी. सी., १५ जानेवारी १९२४) कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यानंतरच्या अंधारात घडते. श्रोत्याला काही दिसत नाही ही माध्यमाची उणीव. पात्रांनाही काही दिसत नाही अशी कथावस्तू निवडताच ती उणीव हेच बळ ठरले. अमेरिकेत १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षे चाललेल्या ‘सस्पेन्स’ या मालिकेत २५ मे १९४३ रोजी ल्यूसिल फ्लेचर यांचे ‘सॉरी, राँग नंबर’ प्रक्षेपित झाले. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री दूरध्वनीच्या तारा एकमेकींत मिसळल्यामुळे एका खुनाचा बेत ऐकते. खून व्हावयाचा आहे तो आपलाच, हे तिला हळूहळू उमगत जाते. ॲग्नेस मूरहेड यांच्या आवाजावर तोललेले हे नाटक श्रोत्यांच्या मागणीवरून पुढे अनेकदा सादर झाले. येथे श्रोता आणि नायिका यांची स्थिती तंतोतंत एकच आहे : दोघेही एका यंत्राला कान लावून बसलेले, दोघेही हालचाल करण्यास असमर्थ. १९४८ मध्ये याच नाटकावरून चित्रपट निघाला तेव्हा त्यात नवऱ्याचा पूर्वेतिहास, प्रेमप्रकरण, गुन्हेगारांची टोळी अशी पुष्कळ भर पडली. चित्रपट नेटका आहे. पण खोलीच्या चार भिंती फुटल्या आणि त्यांच्याबरोबर कोंडमाराही निघून गेला.

याच्या उलट उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांचे. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ३० मे १९४७ रोजी बी. बी. सी.ने सादर केलेली त्यांची ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही श्रुतिका पुढे वाढवून ‘द माउसट्रॅप’ झाली आणि २५ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर दशकानुदशके टिकली. बर्फाने वेढलेले घर, बाहेर पडण्याची सोय नाही, आणि आतल्यांपैकीच एक खुनी! रेडिओने शिकविलेली बंदिस्त जागेची शिस्त तिने रंगमंचावरही सोडली नाही, म्हणून ती टिकली.

मराठीत या नाट्यप्रकाराला ‘नभोनाट्य’ आणि ‘श्रुतिका’ अशी दोन सुंदर नावे आहेत. पहिले नाव तो कोठून येतो ते सांगते, दुसरे तो कोणासाठी आहे ते. मुंबई केंद्र १९२७ पासून, नागपूर १९४८ पासून व पुणे १९५३ पासून, अशा केंद्रांवरून मराठी श्रोत्यांनी त्यांचा आस्वाद घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीची सेवा सुरू झाली आणि तिच्या ‘हवामहल’मधील सुमारे पंधरा मिनिटांच्या नाटिका हिंदी जाणणाऱ्या साऱ्या प्रदेशांत रात्रीच्या जेवणाइतक्याच नियमित झाल्या. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून व्यापारी प्रसारणास आरंभ झाल्यानंतर प्रायोजित रहस्यमालिकांचा मार्ग मोकळा झाला. सत्तरीच्या दशकातील ‘इन्स्पेक्टर ईगल’ हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले नाव. पंधरा मिनिटांत गुन्हा, तपास आणि उलगडा बसवावयाचा म्हणजे पात्रे मोजकी हवीत आणि प्रत्येकाचा आवाज पहिल्याच वाक्याला ओळखू यावयास हवा. अशा श्रुतिकेत संशयितांची संख्या सहसा तिनापलीकडे जात नाही. हे लेखकाचे दारिद्र्य नव्हे. कान एका वेळी किती अनोळखी माणसे लक्षात ठेवू शकतो याचे ते साधे गणित आहे.

श्रुतिकेतील रहस्य शब्दांपेक्षा अंतरावर चालते. पात्र ध्वनिक्षेपकाच्या निकट बोलते की दूरून, पावले येत आहेत की जात आहेत, दार या खोलीचे वाजले की शेजारच्या, यांवरून श्रोता मनातल्या मनात एक घर बांधीत असतो. त्या घरात जेथे कोणी असू नये तेथून आवाज आला की अंगावर काटा उभा राहतो. शांततेचाही हिशेब वेगळा. चित्रपटात शांतता असली तरी पडदा उजळलेला असतो. रेडिओवर शांतता म्हणजे काहीच नसणे, आणि म्हणून ती दोन क्षणांपेक्षा अधिक लांबविण्यास फार धैर्य लागते. घड्याळाची टिकटिक, पावसाची रिपरिप, दूरवरची आगगाडी ही जुन्या श्रुतिकांतील ठराविक सामग्री आज हास्यास्पद वाटेल. परंतु ती शांततेला ऐकू येण्याजोगी करण्यासाठी असते, हे तिच्या थट्टेखोरांच्या सहसा ध्यानात येत नाही.

लखनौ केंद्राचे प्रक्षेपण २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले. बोलण्याच्या अदबीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात आवाजाच्या माध्यमाला सुपीक भूमी मिळावी हे स्वाभाविकच होते. तेथे मराठी संस्कृतीचे पाऊल आधीच पडले होते : विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेले मॅरिस संगीत महाविद्यालय आणि त्याचे प्रदीर्घ काळ प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यामुळे उत्तर हिंदुस्थानातील गायकवर्गाशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध जडला होता. केंद्राच्या नाट्यविभागाच्या संदर्भात मात्र एक नाव विशेष लक्षणीय आहे, ते अमृतलाल नागर यांचे. १९५३ ते १९५६ या काळात ते लखनौ केंद्रावर नाट्यनिर्माते होते. चाळिशीच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काही वर्षे काढलेल्या या हिंदी कादंबरीकाराने विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदी अनुवाद केला आणि मामा वरेरकरांचे ‘सारस्वत’ही हिंदीत नेले. गोडसे भटजींचे झाशीच्या वेढ्याचे कथन वाचताना आजही वाचक जीव मुठीत धरतो. आणि झाशी पडणार हे तर त्याला शाळेपासून ठाऊक असते! उत्कंठेचा अज्ञानाशी संबंध नाही याचा हा मराठी गद्यातील जुना व भक्कम दाखला होय.

याच लखनौ केंद्रावर १९४६ मध्ये सैन्यातील नोकरी सोडून आलेला एक तरुण कार्यक्रम साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचे नाव मदन मोहन. बेगम अख्तर, तलत महमूद, उस्ताद फैय्याज खाँ, अली अकबर खाँ अशा कलावंतांचा सहवास त्याला तेथे लाभला. गझलेकडे पाहण्याची त्याची दृष्टी तेथे घडली असे त्याचे चाहते नेहमी सांगतात. ते खरेच आहे. पण रेडिओ केंद्रात काम करणारा मनुष्य आणखी एक गोष्ट शिकतो : ज्याचा चेहरा दिसत नाही अशा आवाजाने माणसाला कसे बांधून ठेवावे, ही. ‘वह कौन थी?’ (१९६४) आणि ‘मेरा साया’ या दोन्ही रहस्यपटांना संगीत देताना तीच विद्या त्याच्या उपयोगी पडली.

चित्रपटातील अदृश्य आवाजाचा वस्तुपाठ त्याआधीच कमाल अमरोही यांच्या ‘महल’ने (१९४९) घालून दिला होता. अलाहाबादेच्या एका ओसाड वाड्यात नायकाला प्रथम गाणे ऐकू येते. गाणारी नंतर दिसते, दिसते न दिसते तोच नाहीशी होते. त्या गीताच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी लता मंगेशकर यांनी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिक्षेपकाकडे चालत यावे अशी योजना केली होती, हे त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. ही शुद्ध श्रुतिकेची युक्ती! त्या वेळच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते, आणि रेडिओवर गाणे वाजू लागताच ही गाणारी कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. पडद्यावरील नायकाला पडलेला प्रश्न जसाच्या तसा घरोघरच्या श्रोत्यांना पडावा, यापेक्षा मोठे यश रहस्यपटाला दुसरे कोणते असू शकेल?

‘पाठलाग’ची कथा मुळात जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीची. राजा परांजपे यांनी ती पडद्यावर आणली. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या प्रमुख भूमिका, गदिमांची गीते आणि दत्ता डावजेकर यांचे संगीत अशी जुळणी झाली, आणि १९६४ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक लाभले. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आणि १९६६ मध्ये राज खोसला यांच्या दिग्दर्शनाखाली हिंदीत ‘मेरा साया’ असे त्याचे अवतार झाले. मराठीतून इतर भारतीय भाषांत गेलेल्या कृतींची चर्चा होते तेव्हा नाटकांची व सामाजिक कादंबऱ्यांची नावे घेतली जातात. एक रहस्यकथा इतकी दूरवर गेली याची दखल अपवादानेच घेतली जाते.

कथेचा गाभा थोडक्यात असा. नायकाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो शोकात बुडालेला असतानाच गुन्हेगारांच्या टोळीतील एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब त्या मृत पत्नीसारखी दिसते, आणि आपण त्याची पत्नीच आहोत असे न्यायालयात ठासून सांगते. नायक स्वतः वकील. तो तिची उलटतपासणी घेतो. ती मात्र पतिपत्नींखेरीज कोणाला ठाऊक असू नयेत अशा गोष्टी एकामागून एक सांगत जाते. शेवटी कळते ते असे, की मेली ती पत्नीची जुळी बहीण आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे ती पत्नी.

मराठी आणि हिंदी मिळून या एका रहस्याला तीन शीर्षके लाभली, आणि त्या तिन्हींची तुलना उद्बोधक आहे. ‘आशा परत येते’ या नावात श्लेष आहे. आशा हे स्त्रीचे नाव आणि आशा ही मनोवृत्तीही. गंमत अशी की लक्षपूर्वक वाचणाऱ्याला हे शीर्षक उत्तरच सांगून टाकते. लेखकाने शेवट मुखपृष्ठावर छापला आणि तरीही वाचक पुस्तकात गुंतला! ‘पाठलाग’ या नावात कोण कोणाच्या मागे लागले आहे हे संदिग्ध राहते : कायदा आरोपीच्या, नायक सत्याच्या, की भूतकाळ नायकाच्या? ‘मेरा साया’ने ही संदिग्धता काढून तिच्या जागी एक आवाज ठेवला. ‘मेरा’ असे कोणीतरी म्हणत आहे. पण कोण, दोघींपैकी कोणती? कादंबरीचे नाव वृत्त देते, मराठी चित्रपटाचे नाव गती देते, हिंदी चित्रपटाचे नाव बोलते. कथा जसजशी श्राव्यतेकडे सरकली तसतशी नावेही सरकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरे पाहता या कथेतील न्यायालयाचा भाग ही एक श्रुतिकाच आहे. जुळ्या बहिणींची कथा चित्रपटातच शोभते, कारण एकाच नटीने दोन्ही भूमिका कराव्यात व चेहरा तंतोतंत एक असावा ही सोय कॅमेऱ्याची. पण चेहरा एक ठरला की तो पुरावा म्हणून बाद होतो. नायकाच्या डोळ्यांपुढे पत्नीचा चेहरा आहे आणि तो डोळ्यांवर विश्वास ठेवू शकत नाही. त्याने पत्नी मरताना पाहिली आहे, आणि तेही पाहणे खोटे ठरणार आहे. उरते ती वाणी आणि स्मृती. आरोपी स्त्री आपले पत्नीपण सिद्ध करते ते आठवणी सांगून, म्हणजे केवळ बोलून. आणि ज्याने पारखावयाचे तो न्यायालयात बसलेला एक श्रोता असतो. दृष्टीला ठार आंधळी करून कानावर निवाडा सोपविणारा हा चित्रपट आहे.

हिंदी अवतार घडविणाऱ्या तिघांची पूर्वपीठिका येथे आठवावी. दिग्दर्शक राज खोसला चित्रपटांत येण्यापूर्वी ऑल इंडिया रेडिओच्या संगीतविभागात होते. गीतकार राजा मेहदी अली खाँ यांनी दिल्ली केंद्रावर काम केले होते. मदन मोहन तर लखनौचेच. मराठी बाजूही याला अपवाद नाही : गदिमांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्यागणिक प्रक्षेपित झालेले होते. या योगायोगातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि हिंदी चित्रपटातील एक गोष्ट अशी आहे की ती रेडिओचा कान असलेल्यांनाच सुचावी असे वाटत राहते. ‘मेरा साया’त साधनाचा चेहरा दोन्ही भूमिकांना एकच, आवाज मात्र दोन आहेत. पत्नीच्या गाण्यांना लता मंगेशकर यांचा आवाज आहे, तर डाकूंच्या साथीदारिणीच्या रूपातील त्या प्रसिद्ध बाजारी नृत्यगीताला, ज्यात बरेलीच्या बाजारात झुमका हरवतो, आशा भोसले यांचा. डोळ्यांना जो भेद करता येत नाही तो कानांना आयता करून दिलेला आहे! नृत्याला एक आवाज आणि विरहाला दुसरा ही हिंदी चित्रपटांतील रूढ विभागणी होती, त्यामुळे ही योजना हेतुतः केली की रूढीने आपोआप झाली हे ठरविण्याचे कारण नाही. सावध श्रोत्याला येथे एक धागा मिळतो, आणि बहुसंख्य प्रेक्षक तो हातात असूनही ओढीत नाहीत, कारण गाण्याच्या वेळी कथेचा तपास थांबवावा अशी त्यांची सवय असते. गीते रहस्यपटाचा वेग मारतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ‘कानून’ (१९६०) किंवा ‘इत्तफाक’ (१९६९) या गीतविरहित चित्रपटांचे कौतुक त्याच कारणासाठी होते. ते कौतुक रास्त आहे. परंतु ‘महल’ किंवा ‘मेरा साया’ यांतील गाणी काढून टाकली तर वेग वाढत नाही, रहस्यच नाहीसे होते.

लखनौच्या पार्श्वभूमीवरील सामाजिक चित्रपटांशी या प्रकाराचे जवळचे नाते आहे, याकडे जाता जाता लक्ष वेधावेसे वाटते. ‘चौदहवीं का चाँद’मध्ये (१९६०) बुरख्यामुळे एकीच्या जागी दुसरी समजली जाते आणि त्यातून तीन आयुष्यांचा गुंता होतो. तेथे चेहरा झाकलेला, येथे चेहरा दुप्पट झालेला. परिणाम एकच, की ओळख पटविण्याचे काम दृष्टीच्या हातून जाते. फरक एवढाच की तेथे प्रेक्षकाला सत्य आधीपासून ठाऊक असते, म्हणजे रचना ‘मृच्छकटिक’ची आहे, ‘पाठलाग’ सत्य लपवितो.

आता पुन:आस्वादाच्या मूळ प्रश्नाकडे येता येते. ‘पाठलाग’ पहिल्यांदा पाहणारा नायकाच्या जागी बसतो. ही स्त्री खरी की खोटी, हे त्याला ठरवावयाचे असते. दुसऱ्यांदा पाहणारा पिंजऱ्यातील स्त्रीच्या जागी जाऊन बसतो. ती खरे बोलत आहे हे आता त्याला माहीत आहे, आणि जगात कोणीही, प्रत्यक्ष नवराही, तिच्यावर विश्वास ठेवीत नाही हे तो असहाय्यपणे पाहत राहतो. पहिल्या वेळी जी उलटतपासणी चतुर वाटली तीच दुसऱ्या वेळी क्रूर वाटते. कुतूहल संपले आणि त्याच जागी करुण उभा राहिला. ‘देवकुळे – परांजपे – खोसला’ या परंपरेतील कथा त्यामुळे दुसऱ्या वेळी ‘मृच्छकटिक’ बनते : जिवंत वसंतसेना प्रेक्षकाला ठाऊक, न्यायाधिकरणाला नाही. एकाच कृतीत दोन नाटके आहेत, आणि त्यांपैकी दुसरे नाटक उत्तर कळल्यावाचून सुरूच होत नाही. ‘गीतरामायणा’च्या श्रोत्यांना पुढील गीतात काय होणार हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही ते पुढच्या आठवड्याची वाट पाहतच होते. कथेचे ज्ञान आणि उत्कंठा यांचा हा संसार भारतीय श्रोत्याच्या घरी फार जुना आहे. रहस्यकथेलाच तेवढे त्या घरातून बाहेर ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही.

मात्र चांगल्या आणि सामान्य रहस्यकृतींतील भेदही याच कसोटीवर उघड होतो. ज्या कृतीत उत्तर कळल्यानंतर मागील प्रसंगांना नवा अर्थ येत नाही, तिच्याविषयी समीक्षेचा जुना आक्षेप पूर्णपणे खरा आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या एका प्रसिद्ध कादंबरीचा आधार घेतलेला राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ (१९६५) पहिल्या वेळी रंजक वाटतो. दुसऱ्या वेळी त्यातील गाणी आणि मेहमूद तेवढे उरतात. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या मराठी चित्रपटाचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे : त्यातील भयाचे वातावरण पुन्हा अनुभवावेसे वाटते, उलगडा मात्र पुन्हा ऐकावासा वाटत नाही.

श्रुतिकांच्या बाबतीत अशी तुलना करू जाता अभ्यासकाचा हात अडतो. चित्रपट टिकले, श्रुतिकांचे तसे झाले नाही. आरंभीची नाटके थेट सादर होत आणि हवेत विरत. पुढे ध्वनिमुद्रण होऊ लागले तरी अनेक नाटके प्रक्षेपणानंतर जतन झाली नाहीत. संहिता मिळते तेथे आवाज मिळत नाही, आणि या प्रकारात संहिता म्हणजे निम्मेच नाटक. लखनौ असो वा पुणे, नभोनाट्याचा इतिहास लिहावयाचा तर श्रोत्यांच्या आठवणी, नियतकालिकांत छापलेल्या श्रुतिका आणि कार्यक्रमपत्रिका यांवरच पुष्कळसा भर द्यावा लागतो.

‘मेरा साया’चे शीर्षकगीत मात्र रेडिओने जपले. मृत मानलेल्या पत्नीच्या आठवणीत बुडालेल्या नायकाच्या कानी पडणारा तो देहरहित आवाज चित्रपटातून सुटून गेली सहा दशके विविध भारतीवरून घरोघरी येत राहिला. तो ऐकणाऱ्या कितीतरी श्रोत्यांनी चित्रपट पाहिलेला नाही. जुळ्या बहिणी, न्यायालय, डाकू यांची त्यांना वार्ताही नाही. त्यांच्या लेखी ते निष्ठेचे, फार तर विरहाचे गीत आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना मात्र ते ऐकताना दर वेळी क्षणभर तरी वाटून जाते, की ही गाणारी त्या दोघींपैकी नेमकी कोणती.